वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायूंना करंट: केव्हा, कुठे, किती

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली की घरातल्या सगळ्यांचे लक्ष वजनकाट्याकडे लागते. काटा झपाट्याने खाली येतोही. मात्र उतरलेल्या किलोंमध्ये चरबी किती आणि स्नायू किती, हे त्याला सांगता येत नाही. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणे) असो की बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणे), पहिल्या वर्षात उतरलेल्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा भाग, काही जणांत त्याहून थोडा जास्त, चरबीचा नसतो. त्यात पाणी असते, स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतो आणि खुद्द स्नायूही असतात. ही घट सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. त्यातल्या सुरुवातीच्या आठवड्यांत आहार घोटाघोटाने चाललेला असतो, प्रथिने पुरेशी पोटात जात नाहीत, जड उचलायला मनाई असते आणि जिना चढताना मांड्या भरून येतात.

या आठवड्यांत स्नायूंना करंट देणारे मशीन उपयोगी पडू शकते. 'पडतेच' असे लिहिलेले नाही, कारण नेमक्या या रुग्णांवर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, अतिदक्षता विभागात बरेच दिवस पडून राहिलेल्यांत आणि फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या जुन्या आजारात या उपचाराची तपासणी जास्त झाली आहे. तिथली पद्धतच थोडे फेरफार करून इथे वापरली जाते. माझे मत विचाराल तर मशीन मांड्यांसाठी घ्यावे, काही आठवड्यांपुरते घ्यावे आणि चालणे व खुर्चीवरून उठबस यांच्या जोडीला वापरावे. पोटाला पट्टा बांधून आत गेलेले पोट 'टाइट' करण्यासाठी ते घेणार असाल, तर पैसे वाचवा.

मशीन काय करते आणि काय करत नाही

त्वचेला चिकटवलेल्या पॅडमधून येणारा करंट स्नायूला थेट हलवत नाही. स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूंना तो चेतवतो आणि मग स्नायू आखडतो. आपण स्वतःहून पाय ताठ करतो तेव्हा मेंदू आधी लहान, दमदार तंतू कामाला लावतो आणि भार वाढला तर मोठे तंतू जोडतो. शिवाय तो त्यांना आळीपाळीने विश्रांतीही देतो. मशीनला ही हुशारी नाही. पॅडच्या जवळ जे तंतू येतील ते सगळे एकदम आणि पुन्हा पुन्हा तेच आखडतात. म्हणून करंटने स्नायू लवकर थकतो आणि दोन आकुंचनांमधली विश्रांती ही उपचाराचाच भाग ठरते. १९७० च्या दशकात सोव्हिएत संशोधक याकोव कोट्स यांनी खेळाडूंसाठी मांडलेल्या पद्धतीत १० सेकंद करंट आणि त्यानंतर तब्बल ५० सेकंद विश्रांती होती, अशी १० आकुंचने. घाईने विश्रांती कमी करणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात ठेवावे.

चरबी करंटने जळत नाही. मशीन लावून खर्च होणारी ऊर्जा साध्या चालण्यापेक्षाही कमी असते. अमेरिकेची औषध व उपकरण नियामक संस्था असलेल्या एफडीएने अशा एकाही मशीनला वजन किंवा घेर कमी करण्यासाठी मान्यता दिलेली नाही, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले आहे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. दुखणे कमी करणारे 'टेन्स' आणि स्नायू आखडवणारे 'ईएमएस' ही बाहेरून सारखी दिसणारी मशिन्स आहेत. अनेक डब्यांत दोन्ही कार्यक्रम असतात. टेन्सवर ठेवून महिनाभर मांडीला नुसत्या मुंग्या आणल्या तर स्नायूला काही मिळत नाही. स्नायू डोळ्यांना दिसेल असा आखडला पाहिजे.

परवानगी नेमके प्रश्न विचारून घ्या

'डॉक्टर, मशीन लावू का?' असे विचारले तर 'लावा' किंवा 'नको' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी पहिल्या किंवा दुसऱ्या फेरतपासणीला पुढच्या गोष्टी एकेक करून विचारा. पायांत रक्ताची गुठळी असल्याची शंका आहे का? रक्त पातळ करणारे औषध अजून चालू आहे का आणि त्यामुळे काही बंधन आहे का? रक्तातले पोटॅशियम, मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन कसे आहे? दुर्बिणीच्या छिद्रांपाशी हर्निया जाणवतो का? आणि मांडीला करंट देण्याबाबत फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी मिळेल का?

पेसमेकर, हृदयाला झटका देणारे बसवलेले यंत्र, पाठीच्या कण्यातले किंवा जठराचे स्टिम्युलेटर यांपैकी काही शरीरात असेल तर हा उपचार त्या यंत्राच्या डॉक्टरांनी लेखी मान्यता दिल्याशिवाय करू नये. गरोदरपणात, पॅडच्या जागी कर्करोग असताना, संसर्ग किंवा उघडी जखम असताना आणि पायांतल्या शिरेत गुठळी असताना तो वर्ज्य आहे. फेफरे येणाऱ्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. मानेच्या पुढच्या बाजूला आणि छातीवरून आरपार करंट कुणीही देऊ नये.

गुठळीचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या बहुतेक गुठळ्या रुग्णालयातून घरी गेल्यावर, पहिल्या महिन्याभरात होतात. म्हणजे मशीन सुरू करण्याची वेळ आणि गुठळीचा धोका एकाच काळात येतात. म्हणून प्रत्येक सत्रापूर्वी दोन्ही पोटऱ्या बघा. एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दाबल्यावर दुखली किंवा अचानक दम लागला, तर मशीन बाजूला ठेवून तातडीने दवाखाना गाठा. 'करंटने स्नायू दुखत असेल' अशी समजूत घालून घेणे इथे महागात पडते.

सुरुवातीची मोजणी

मांडीचा घेर मोजून उपयोग नाही. चरबी उतरली की घेर कमी होणारच, त्यातून स्नायूचे काही कळत नाही. ताकद मोजा. हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. पाचव्या उभे राहण्यापर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी झाल्याची शंका घेतात. दुसऱ्या दिवशी ३० सेकंदांत किती वेळा उभे राहता आले ते मोजा. शेजारी कुणीतरी उभे असू द्या, कारण या काळात उठताना रक्तदाब उतरून भोवळ येणे सर्रास घडते, विशेषतः रक्तदाबाची जुनीच मात्रा चालू असेल तर. भोवळ येत असेल तर चाचणी थांबवा आणि औषधाची मात्रा तपासून घ्या.

हे दोन आकडे दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. मशीन काम करते आहे की नाही, हे तेच सांगतील.

मशीन आणि पॅड

बटणे किती आणि कार्यक्रम किती याला भुलू नका. मशीनमध्ये पाच गोष्टी स्वतः बदलता आल्या पाहिजेत: करंटची वारंवारता, म्हणजे हर्ट्झ; स्पंदाची, म्हणजे करंटच्या एकेका ठोक्याची लांबी, म्हणजे मायक्रोसेकंद; चालू आणि बंद राहण्याचे सेकंद; करंट हळूहळू चढण्याचा वेळ; आणि प्रत्येक चॅनेलची तीव्रता वेगवेगळी. दोन चॅनेल म्हणजे चार पॅड, दोन मांड्यांना पुरतात. स्पंद दोन्ही दिशांचा आणि समतोल असावा. माहितीपुस्तिकेत तो 'सिमेट्रिकल बायफेजिक' या नावाने येतो. एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटने त्वचेखाली रासायनिक चट्टे पडू शकतात. तीव्रता मिलिअँपिअरमध्ये दाखवणारे मशीन मिळाले तर उत्तम. नुसत्या १ ते ५० अशा पायऱ्या असतील तरी चालेल, फक्त मशीन बदलले की जुने आकडे निरर्थक होतात.

पॅडबाबत कंजुषी करू नका. मांडीसाठी ५ बाय ५ सेंटीमीटरचे चौकोनी पॅड लहान पडतात, ५ बाय ९ किंवा ५ बाय १० चे आयताकृती घ्या. याचे कारण चरबीत आहे. त्वचेखालच्या चरबीच्या थरात करंट पसरतो आणि खोलवरच्या चेतातंतूंपर्यंत कमी पोहोचतो, म्हणून तीव्रता वाढवावी लागते. तीव्रता वाढवली की आधी त्वचा चुरचुरते, स्नायू मात्र ढिम्म. लहान पॅडवर ही चुरचुर अधिक असते, कारण तेवढाच करंट कमी जागेतून जातो. शस्त्रक्रियेनंतर आलेल्या अनेकांचा 'मला हे मशीन लागतच नाही' हा ग्रह पॅड लहान असल्यामुळे झालेला असतो.

पॅड एकट्यानेच वापरायचे. चिकटपणा कमी झाला की थेंबभर पाणी लावून थोडे दिवस चालवता येतात, पण कडा सुटू लागल्या की फेकून द्या. अर्धवट चिकटलेल्या पॅडचा सगळा करंट चिकटलेल्या भागातून जातो आणि तिथे भाजते.

पॅड लावण्याची जागा

मांडीच्या पुढचा मोठा स्नायू हेच मुख्य लक्ष्य. खुर्चीतून उठणे, जिना, शौचालयातून उभे राहणे हे सगळे त्याच्यावर चालते.

त्वचा साध्या साबणाने धुऊन कोरडी करा. तेल, क्रीम, पावडर काही नको. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा, ब्लेडने भादरू नका, बारीक ओरखड्यांतून करंट बोचतो. एक पॅड मांडीच्या वरच्या बाजूला, जांघेपासून साधारण एक वीत खाली आणि किंचित बाहेरच्या अंगाला. दुसरा गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटे वर आणि आतल्या अंगाला, जिथे पाय ताठ केल्यावर फुगवटा येतो. दोन पॅडमध्ये भरपूर अंतर असू द्या. पॅड जवळजवळ असले तर करंट वरच्यावरच वाहतो, लांब असले तर खोल शिरतो. चरबीचा थर जाड असेपर्यंत हे विशेष पाळा.

पुढची गोष्ट पुस्तिकांमध्ये सहसा नसते. वजन उतरले की मांडीची त्वचा सैल होते आणि आडवे झाल्यावर ती बाजूला ओघळते. उभ्याने लावलेला पॅड निजल्यावर स्नायूवरून दोन-तीन सेंटीमीटर सरकलेला असतो. म्हणून ज्या स्थितीत सत्र करणार त्याच स्थितीत बसा, मग पॅड लावा. त्वचेची घडी पडत असेल तर एका हाताने ती हलकेच ताणून धरा, पॅड घडीच्या आत कधीही नको. घडीत लाली, ओल किंवा बुरशीचा चट्टा असेल तर तो बरा होईपर्यंत तिथून लांब राहा.

आता करंट अगदी कमी ठेवून पॅड एक-एक सेंटीमीटर सरकवून बघा. प्रत्येक वेळी आधी मशीन बंद, मग पॅड हलवायचा. ज्या जागी सगळ्यात कमी करंटला स्नायू उडतो ती तुमची जागा. धुतल्यावर न जाणाऱ्या पेनने तिच्या कडांना खुणा करा. मात्र महिनाभराने पुन्हा शोध घ्या, शरीर बदललेले असते.

बसण्याची स्थिती

पहिल्या आठवड्यांत ताठ बसले की पोटावर दाब येतो, म्हणून पाठ मागे टेकवून निम्मे रेलून बसा. गुडघा साधारण ६० अंशांत वाकलेला राहील अशी गुंडाळी त्याखाली द्या आणि घोट्याला रुंद पट्टा बांधून पाय जागच्या जागी अडवा. पाय मोकळा राहिला तर करंट येताच तो झटक्याने ताठ होतो, स्नायू पूर्ण आखूड स्थितीत जातो आणि पेटका येतो. गुडघा आधीच झिजलेला असेल तर कोन थोडा कमी-जास्त करून वाटीखाली दुखणार नाही असा शोधा. खुर्चीत ताठ बसणे सोपे वाटू लागले की ९० अंशांत बसून, टाच सोफ्याच्या पायाला टेकवूनही हेच करता येते.

सेटिंग

वारंवारता ५० हर्ट्झ ठेवा. तीसच्या खाली आकुंचन थरथरते, ८० च्या वर स्नायू लवकर थकतो. स्पंदाची लांबी ३०० ते ४०० मायक्रोसेकंद. चरबीचा थर जाड असताना ४०० कडे झुका, लांब स्पंदाने तेवढेच आकुंचन कमी तीव्रतेला मिळते. करंट चढायला २ सेकंद आणि उतरायला १ ते २ सेकंद.

सुरुवातीला ६ सेकंद चालू, १८ सेकंद बंद. दहा मिनिटांत अशी २५ आकुंचने होतात, पहिल्या सत्राला तेवढी पुरेत. पुढे १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद केले तर २० मिनिटांत ३० आकुंचने होतात. तुमच्या मशीनमध्ये 'चालू'च्या सेकंदांत करंट चढण्याचा वेळ धरलेला आहे की वेगळा आहे, हे एकदा घड्याळ लावून बघा. धरलेला असेल तर ६ सेकंदांतले पूर्ण जोराचे ४ च उरतात.

सत्र प्रत्यक्षात

जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. बायपास झालेल्यांना गोड किंवा पिष्टमय खाल्ल्यावर एक ते तीन तासांत साखर उतरून घाम, थरथर, धडधड होऊ शकते. हा त्रास ज्यांना आहे त्यांनी सत्राची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. लघवी करून, थोडे पाणी पिऊन बसा.

तीव्रता शून्यावर आहे याची खात्री करून मशीन चालू करा. करंट 'चालू' अवस्थेत असतानाच तीव्रता वाढवा. 'बंद' अवस्थेत बटण दाबत राहिलात तर पुढचे आकुंचन अचानक दणका देते. आधी मुंग्या, मग ओढल्यासारखे, मग स्नायू उचलला जाताना दिसतो. पहिल्या सत्रात इथेच थांबा. शून्य ते दहाच्या मापाने त्रास चारच्या वर जाऊ देऊ नका. पहिल्याच दिवशी जोर करून दुसऱ्या दिवशी जिना उतरता न येणे ही कमाई नव्हे. अनोळखी करंटने स्नायूंतल्या पेशींना इजा जास्त होते आणि पहिल्या एक-दोन सत्रांनंतर शरीर त्याला सरावते, म्हणून सुरुवात मुद्दाम हलकी ठेवायची.

मशीन सुरू केल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र लाजू नका. नुसत्या फडफडीने ताकद येत नाही. स्नायू दगडासारखा घट्ट व्हावा, गुडघ्याची वाटी वर ओढली जावी, घोटा पट्ट्यावर जोरात दाबला जावा. त्रास सहा-सातपर्यंत गेला तरी चालेल, पण जळजळ किंवा सुई टोचल्यासारखे होत असेल तर ती स्नायूची नाही, पॅडची तक्रार आहे. सत्र चालू असताना पाच-सहा आकुंचनांनंतर तेवढाच करंट कमी वाटू लागतो. मग एक पायरी वाढवा. प्रत्येक आकुंचनाच्या वेळी स्वतःही मांडी घट्ट करा आणि तोंडाने श्वास सोडत राहा. श्वास रोखून कुंथले की पोटातला दाब वाढतो आणि नव्या टाक्यांवर तो नको आहे.

मागच्या सत्राचा आकडा वहीत असला तरी दर वेळी शून्यापासूनच चढा. चरबीचा थर पातळ होत जातो तसा तोच करंट अधिक जोराचा लागतो. आकडा कमी झाला आणि आकुंचन तेवढेच राहिले तर ती प्रगती आहे, मशीनचा बिघाड नाही.

सत्र संपल्यावर तीव्रता शून्य, मशीन बंद, मग पॅड काढा. वायर धरून ओढू नका, कोपरा धरून हळू सोलवा आणि दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरा. पॅडच्या आकाराची फिकट लाली तासाभरात जाते. ती दुसऱ्या दिवशीही दिसली, फोड आला किंवा खाज सुटली, तर पॅडचा प्रकार बदलायला हवा.

किती आठवडे

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन आठवडे घरी मशीन नको. रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टने स्वतः लावले तर ती गोष्ट वेगळी. या दिवसांचे काम म्हणजे थोड्या थोड्या वेळाने चालणे, पावले वर-खाली हलवणे आणि खोल श्वास.

तिसऱ्या आठवड्यात, परवानगी मिळाली असेल तर, एक दिवसाआड १० मिनिटे, म्हणजे आठवड्यात तीन सत्रे. चौथ्यात चार सत्रे, १५ मिनिटांची. पाचव्यापासून आठव्यापर्यंत आठवड्याला पाच सत्रे, २० मिनिटांची, आणि तेव्हापासून खुर्चीवरून उठबस रोज करायची. दोन्ही एकत्रही करता येते: मशीन चालू होताना उभे राहा, बंद होताना बसा. हे सोबत कुणी असतानाच करा आणि आधी एक-दोन आठवडे बसून सराव झालेला असू द्या. सहा ते आठ आठवड्यांनी सर्जनने भार उचलायला परवानगी दिली की रबरबँड आणि वजनांचे व्यायाम सुरू होतात. मशीन मग तीन दिवसांवर आणा. बारा आठवड्यांच्या पुढे ते बहुतेकांना लागत नाही.

पुढची मांडी जमली की नितंबांचा विचार करा. कुशीवर निजून दोन पॅड नितंबाच्या वरच्या आणि खालच्या भागावर लावता येतात, पण तिथे चरबी सर्वांत जाड असल्याने आकुंचन मिळवणे कठीण जाते. त्यापेक्षा पाठीवर निजून कंबर उचलण्याचा व्यायाम, परवानगी मिळाल्यावर, जास्त फळ देतो. पोटाला आठ आठवड्यांपूर्वी पॅड लावूच नका आणि नंतरही छिद्रांपाशी फुगवटा नाही याची तपासणी झाल्यावरच. जठराभोवती घट्ट-सैल करता येणारा समायोज्य बँड बसवला असेल तर त्याच्या त्वचेखालच्या पोर्टजवळ, म्हणजे बँड घट्ट-सैल करण्यासाठी बसवलेल्या डबीजवळ, पॅड नको.

पाय बधिर असेल तर मशीन नको, तपासणी हवी

या लेखातला हा भाग नीट वाचा. शस्त्रक्रियेनंतर पाय कमजोर वाटण्यामागे प्रत्येक वेळी स्नायूच असतो असे नाही.

शरीरातला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपू शकतो. सारख्या उलट्या होत असतील आणि त्यात चालताना तोल जाणे, दोन-दोन दिसणे, डोळे भिरभिरणे किंवा गोंधळल्यासारखे बोलणे दिसले, तर ही तातडीची वेळ आहे. रुग्णालयात शस्त्रक्रियेचा उल्लेख आधी करा, म्हणजे ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी थायमिन दिले जाईल. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणे सुरू झाले तर बी-१२ आणि तांबे तपासावे लागते. बधिर त्वचेवर करंट देणे धोक्याचे आहेच, कारण भाजले तरी कळत नाही.

दुसरा प्रकार कमी ठाऊक असलेला. वजन झपाट्याने उतरले की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या टोकाशी असलेली चरबीची गादी नाहीशी होते. तिथूनच पाऊल उचलणारी नस हाडाला लागून जाते. पायावर पाय टाकून बसायची सवय असेल तर ती दाबली जाते आणि एक दिवस चप्पल पायातून निसटू लागते, पाऊल फरफटते, बोटे वर उचलत नाहीत. पहिले काम म्हणजे पायावर पाय टाकणे बंद. दुसरे, नसेची तपासणी. नडगीच्या बाहेरच्या स्नायूला करंट देण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. नस पूर्ण निकामी झाली असेल तर घरगुती मशीनच्या मायक्रोसेकंदांच्या स्पंदांनी स्नायू आखडतच नाही. त्याला कितीतरी पटींनी लांब स्पंद लागतात आणि ते काम दवाखान्यातले आहे.

अंगभर सूट घालून करंट

व्यायामशाळांत हात, पाय, पोट, पाठ सगळ्यांना एकाच वेळी करंट देणारे सूट मिळतात. निरोगी माणसांतही पहिल्याच जोरकस सत्रानंतर स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून रक्तातले क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात उतरणारे द्रव्य) प्रचंड वाढल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. फुटलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करते. ज्याचे दिवसभराचे पाणी मुश्किलीने दीड लिटर होते, अशा माणसाने हा धोका घ्यायचे कारण दिसत नाही. संशोधनात देखरेखीखाली शस्त्रक्रियेनंतर असे सूट वापरले गेले आहेत, पण तिथे रक्त तपासणारे लोक शेजारी असतात. दोन मांड्यांपुरते लहान मशीन वापरतानाही चहासारखी गडद लघवी, सगळ्या अंगाला सूज किंवा तीन दिवसांनीही वाढतच जाणारे दुखणे दिसले तर सत्रे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ताप, नाडी सतत १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारे दुखणे ही आतली शिवण गळत असल्याची लक्षणे असू शकतात. त्यांचा करंटशी संबंध जोडत बसू नका.

खाणे, पाणी, गोळ्या

स्नायू आखडला, पण बांधायला प्रथिने नसली, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. बहुतेक आहारतज्ज्ञ दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगतात. तुमचा आकडा त्यांच्याकडूनच घ्या, मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो वेगळा येतो. जठर लहान असल्याने हे एका बैठकीत शक्य नाही, दिवसभरात पाच-सहा वेळा विभागावे लागते आणि ताटात सर्वांत आधी प्रथिनांचा घास घ्यावा लागतो. दिवसाचे ४० ग्रॅमही होत नसतील तर सत्रे वाढवू नका, आधी आहार सुधारा. पाणी घोटाघोटाने, जेवणापासून वेगळे, दीड ते दोन लिटर.

सत्रानंतर मांड्या दुखल्या तर घरात असलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका या गोळ्यांनी वाढतो. पॅरासिटामॉल किती चालेल ते सर्जनला विचारून ठेवा. बहुतेक वेळा एक दिवस सुट्टी आणि तीव्रता दोन पायऱ्या खाली, एवढे पुरते.

कधी बंद करायचे

पाच उठबशींचा वेळ दोन मोजण्यांत सलग सुधारला, ३० सेकंदांतला आकडा वाढला आणि हातात दोन-तीन किलोचे वजन धरून दहा वेळा उठता येऊ लागले, की मशीनचे काम झाले. सहा आठवडे नियमित करूनही आकडे हलले नाहीत तर तीव्रता, पॅडची जागा आणि प्रथिने या क्रमाने तपासा, आणि तिन्ही ठीक असतील तर हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व व थायरॉइडची तपासणी करून घ्या.

मशीन ठेवून द्याल तेव्हा बॅटरी काढा आणि पॅड त्यांच्या प्लास्टिकवर परत चिकटवून पिशवीत बंद करा. वर्ष-दीड वर्षाने सैल त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया केलीत तर ते पुन्हा लागू शकते, पण तेव्हा परवानगी प्लास्टिक सर्जनची घ्यायची, आणि मांडीवरच टाके असतील तर ते पूर्ण भरून त्या जागेची संवेदना परत आल्यावरच पॅड लावायचे.